रीमास्टर की जुनी सीडी? आधी दोन्हींचा आवाज एका पातळीवर आणा

प्रश्न थोडक्यात असा: बीटल्स, पिंक फ्लॉइड, डायर स्ट्रेट्स यांच्या १९८०च्या दशकात निघालेल्या सीड्या घरात आहेत. त्याच अल्बमच्या रीमास्टर, म्हणजे जुन्या टेपवर नव्याने काम करून काढलेल्या, आवृत्त्या आता मिळतात. पहिल्यांदा ऐकताना रीमास्टर जास्त भरदार वाटते, पण अख्खा अल्बम ऐकून झाला की कान शिणतात. मग खरी चांगली कुठली, आणि नवी घेतली तर जुनी विकून टाकावी का?

जुनी विकू नका, निदान पुढची तपासणी होईपर्यंत तरी नाही. 'भरदार वाटते' आणि 'कान शिणतात' या दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: रीमास्टरची सरासरी पातळी जुन्या सीडीपेक्षा ५ ते ८ डीबीने (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वर असते. माणसाचा कान कमी आवाजात बास आणि अगदी वरची ट्रेबल कमी पकडतो. आवाज वाढला की ही दोन्ही टोकं आपोआप उठून येतात. त्यामुळे एखाद्या डीबीचा फरक 'मोठा' म्हणून जाणवतच नाही, 'मोकळा', 'स्वच्छ', 'जिवंत' म्हणून जाणवतो. व्हॉल्यूमचं बटण तिथेच ठेवून फक्त सीडी बदलायची, ही तुलना म्हणूनच कुचकामी आहे. त्यात मास्टरिंग नाही, नुसता आवाज जिंकतो.

तपासणी कशी करायची ते सांगतो, पण त्याआधी एक गोंधळ दूर करायला हवा, कारण अर्धे वाद त्यातूनच होतात. रेकॉर्डिंग होतं ते मल्टीट्रॅक टेपवर: ड्रम, बास, गिटार, गाणं सगळं वेगवेगळं. त्याचं मिक्स करून दोन चॅनेलची टेप बनते. त्या दोन चॅनेलच्या टेपवरून ईक्यू (बास-ट्रेबलचा समतोल), पातळी, गाण्यांमधलं अंतर ठरवून जे शेवटचं रूप तयार होतं ते मास्टरिंग. रीमास्टर म्हणजे तीच दोन चॅनेलची टेप पुन्हा डिजिटल करून तिच्यावर पुन्हा काम करणं. मल्टीट्रॅकपर्यंत मागे जाऊन सगळं नव्याने मिसळलं तर ते रीमिक्स. कव्हरवर मात्र या दोन्हींना सर्रास 'रीमास्टर' म्हटलं जातं.

इगी अँड द स्टूजेसचा 'रॉ पॉवर' घ्या. १९७३चं मिक्स, एक गाणं सोडता, डेव्हिड बोवीचं. १९९७मध्ये इगी पॉपने स्वतः तो पुन्हा मिक्स केला आणि पातळी इतकी चढवली की रॉकच्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या सीड्यांत तिची गणना होते. २०१०मध्ये बोवीचं मिक्स परत आलं. या तीन सीड्यांची 'मूळ विरुद्ध रीमास्टर' अशी तुलना करण्यात अर्थ नाही, कारण मधली वस्तूच वेगळी आहे. झेडझेड टॉपच्या सुरुवातीच्या अल्बमांचं उलट झालं. १९८७च्या 'सिक्स पॅक' संचासाठी त्यांचे ड्रम ऐंशीच्या दशकाच्या चवीचे, भरपूर रिव्हर्बचे, म्हणजे घुमणारे, करून टाकले होते. 'त्रेस ओम्ब्रेस'चं मूळ मिक्स सीडीवर यायला २००६ उजाडलं. म्हणजे तिथे 'जुनी सीडी' हीच बदललेली आवृत्ती. आणि ऑझी ऑस्बॉर्नच्या 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' व 'डायरी ऑफ अ मॅडमन' यांच्या २००२च्या सीड्यांवर तर बास आणि ड्रम दुसऱ्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतलेत. मूळ वादक २०११च्या आवृत्तीत परत आले. २००२ची सीडी स्वस्तात दिसली तर हे लक्षात ठेवा.

डीप पर्पलच्या 'मशीन हेड'ची १९९७ची दोन सीड्यांची आवृत्ती याबाबतीत प्रामाणिक आहे. तिच्यात मूळ मिक्सचं रीमास्टर आणि रॉजर ग्लोव्हरने केलेलं नवं मिक्स दोन्ही आहेत. रीमास्टर आणि रीमिक्स यांतला फरक कानाला शिकवायचा असेल तर ती एकच आवृत्ती पुरेशी आहे.

आता जुन्या सीड्यांबद्दल. 'पहिली आवृत्ती तीच अस्सल' असं मानणारा एक वर्ग आहे, आणि तो निम्माच बरोबर आहे. १९८२मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा कंपन्यांना जुना साठा घाईने नव्या माध्यमावर आणायचा होता. पहिली मिक्स टेप शोधण्यापेक्षा हाताशी असलेली प्रत वापरली जायची. पुष्कळदा ती एलपी कापण्यासाठी बनवलेली असे, म्हणजे बास आवळलेला आणि ट्रेबल सुईला झेपेल इतकी दाबलेली. परदेशी शाखांकडे प्रतीची प्रत असायची. चांगल्या यंत्रावरही पहिल्याच प्रतीत हिस (टेपची सळसळ) साधारण ३ डीबीने वाढतो. टेप वाजवताना ती वाचणाऱ्या हेडचा कोन जुळवला नसेल तर दोन चॅनेलांत सूक्ष्म अंतर पडतं आणि ट्रेबल धूसर होते. ही चूक पकडायची सोपी युक्ती: गाणं मोनो करून ऐका. मोनोत सिम्बल (ड्रमच्या झांजा) एकदम मंद झाले, तर कोन चुकला असण्याची दाट शक्यता आहे. स्टिरिओत हीच चूक 'जुन्या काळचा ऊबदार आवाज' म्हणून खपून जाते.

याहून ढोबळ चुकाही झाल्या. जिमी हेंड्रिक्सच्या 'इलेक्ट्रिक लेडीलँड'च्या सुरुवातीच्या पॉलिडोर सीड्यांवर बाजूंचा क्रमच चुकला होता. मूळ एलपी संच एकापाठोपाठ तबकड्या टाकणाऱ्या ऑटोमॅटिक चेंजरसाठी छापलेला, म्हणजे पहिली आणि चौथी बाजू एका तबकडीवर. सीडी करणाऱ्यांनी तबकड्या तशाच एकापाठोपाठ एक उतरवल्या. फ्लीटवुड मॅकच्या 'टस्क'च्या पहिल्या सीडीवर अल्बम एका चकतीत बसवण्यासाठी 'सारा' हे गाणं छाटलेलं आहे. अशा ठिकाणी नंतरची आवृत्ती घेण्यात कसलाच तोटा नाही.

पण जुन्या सीडीच्या बाजूने दोन भक्कम मुद्दे आहेत. पहिला, टेपचं वय. १९८४मध्ये डिजिटल केलेली १९७३ची टेप अकरा वर्षांची होती; २०११मध्ये तीच अडतीस वर्षांची. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून वापरात आलेल्या काही टेपांचा, अँपेक्स ४५६ हे त्यातलं ठळक नाव, बाइंडर (चुंबकीय कण, म्हणजे ऑक्साइड, टेपला धरून ठेवणारा थर) हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. अशी टेप मंद आचेवर, साधारण ५४ अंश सेल्सिअसला, आठ-दहा तास भाजूनच वाजवावी लागते. तेवढ्यानेही झिजलेला ऑक्साइड परत येत नाही. हेडफोनवर ऐकताना एका बाजूची ट्रेबल क्षणभर गायब होऊन परत येते, हे जुन्या सीडीवर नसून नव्या सीडीवर असेल तर टेप मधल्या काळात खराब झाली असं समजा.

दुसरा मुद्दा लिमिटरचा, आणि तो जास्त महत्त्वाचा. सीडीवर कमाल पातळी ठरलेली आहे, शून्य डीबी. त्याच्या वर आकडाच नाही. ऐंशीच्या दशकात सगळ्यात मोठा स्नेअर ड्रमचा ठोका या छताच्या जरा खाली बसेल अशी पातळी ठेवत आणि बाकी संगीत आपोआप त्याच्या १४-१५ डीबी खाली राहत असे. नव्वदच्या दशकात डिजिटल लिमिटर आले. ठोक्याचं टोक काही मिलिसेकंदांपुरतं दाबायचं, मोकळ्या झालेल्या जागेत बाकी सगळं वर उचलायचं. ३ डीबीपर्यंत हे फारसं कळत नाही. ६ डीबीला ड्रम 'मागे' जातो. त्याच्या पुढे ठोक्याचा कडक आरंभ जातो, उरतो तो नुसता थप्प असा आवाज, आणि बासच्या प्रत्येक सुराबरोबर सिम्बल खालीवर डचमळू लागतात. कान शिणतात ते यामुळे: मोठ्या आणि लहान आवाजांत श्वास घ्यायला जागाच उरत नाही.

जुन्या सीडीची पातळी कमी आहे म्हणजे तिच्यात तपशील कमी आहे, हा समज मात्र सोडा. १६ बिटांत साधारण ९६ डीबीची रेंज मिळते. टोकं ६ डीबी खाली असतील तर एक बिट वाया जातो, ९० डीबी उरतात. सत्तरच्या दशकातल्या ॲनालॉग टेपचा हिसच सिग्नलच्या ६०-७० डीबी खाली असतो, तो त्या ९० मध्ये आरामात मावतो. आवाज कमी वाटला तर ॲम्प्लिफायरवर वाढवा, तो त्यासाठीच आहे.

तर तपासणी. संगणक, सीडी ड्राइव्ह, ठीकठाक हेडफोन आणि फुकट मिळणारी सॉफ्टवेअर, एवढ्यात भागतं.

दोन्ही सीड्या एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीने, मॅकवर असाल तर एक्सएलडीने, फ्लॅक या काहीही न गमावणाऱ्या फॉरमॅटमध्ये रिप करा, म्हणजे संगणकावर उतरवा. ॲक्युरेटरिपचा (तुमची रिप इतरांच्या रिपशी ताडून बघणारी सोय) ताळा जुळू द्या. जुन्या सीडीवर ओरखडे असतील आणि ड्राइव्ह मधले नमुने (डिजिटल आवाजाचे एकेक आकडे) अंदाजाने भरत असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. रिपचा लॉग जपून ठेवा. त्यात प्रत्येक गाण्याची कमाल पातळी टक्क्यांत असते, आणि हा आकडा म्हणजे मास्टरिंगचा अंगठ्याचा ठसाच. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वर्षी छापलेल्या दोन सीड्यांचे सगळ्या गाण्यांचे आकडे दशांशापर्यंत जुळले, तर मास्टरिंग एकच आहे, मग लेबलचा रंग कुठलाही असो. 'जपानी प्रत जर्मन प्रतीपेक्षा चांगली वाजते' यासारखे अनेक वाद इथेच मिटतात. खात्री हवी तर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादकात दोन्ही फायली नमुन्याला नमुना जुळवा, एकीची पोलॅरिटी उलटी करा (चढ तिथे उतार) आणि मिसळा. शांतता उरली तर त्या एकच. एकीची पातळी नुसती कमीजास्त केलेली असेल तर ती सारखी केल्यावर शांतता येते. दोन वेगळ्या वेळी टेपवरून उतरवलेल्या आवृत्त्या मात्र कधीच अशा पुसल्या जात नाहीत, कारण टेपयंत्राचा वेग दोनदा तंतोतंत सारखा राहत नाही. त्यामुळे शिल्लक राहिलेल्या आवाजावरून 'फरक किती मोठा' हे काढायला जाऊ नका.

याच कसोटीवर सोनेरी चकत्या आणि २००८च्या आसपास आलेल्या एसएचएम, ब्लू-स्पेक यांसारख्या खास प्लास्टिकच्या सीड्याही लावून बघा. मास्टरिंग तेच असेल तर रिपमधले नमुने तेच निघतात, पैसे पॅकिंगला जातात. मोबाइल फिडेलिटी किंवा डीसीसी या कंपन्यांच्या सोनेरी सीड्या वेगळ्या वाजतात त्या सोन्यामुळे नव्हे; त्यांनी टेप मागवून मास्टरिंग स्वतः केलेलं असतं म्हणून. डीसीसीसाठी स्टीव्ह हॉफमन यांनी केलेलं ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' हे त्याचं चांगलं उदाहरण.

आता एक सापळा, ज्यात जाणकारही अडकतात: प्री-एम्फसिस. सुरुवातीच्या काही सीड्या, विशेषतः जपानी, ट्रेबल मुद्दाम चढवून छापल्या जात आणि सीडीवर एक खूण असे. ती वाचून प्लेअर ट्रेबल तेवढीच उतरवत असे. चढ लहान नाही: १ किलोहर्ट्झला जेमतेम ०.४ डीबी, १० किलोहर्ट्झला साडेसात, २० किलोहर्ट्झला साडेनऊ. सीडी रिप केली की नमुने जसेच्या तसे येतात, खूण मात्र मागे राहते, आणि फाइल पातळ, किरकिरी वाजते. मग लोक म्हणतात, 'जुन्या सीड्या कर्कश असतात.' बीटल्सची १९८३मध्ये फक्त जपानात निघालेली आणि लवकरच मागे घेतलेली 'ॲबी रोड', सीपी३५-३०१६, अशीच आहे. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीत गाण्यांच्या यादीपुढे प्री-एम्फसिसचा रकाना असतो, तो बघा. पण काही सीड्यांवर खूण विषयसूचीत नसून फक्त गाण्याबरोबर धावणाऱ्या सबकोडमध्ये (आवाजासोबत छापलेली छुपी माहिती) असते, तिथे तो रकाना 'नाही' म्हणतो. तेव्हा सीडीआरडीएओसारखं, सबकोड वाचणारं साधन लागतं. खूण सापडली तर सॉक्स या सॉफ्टवेअरच्या डीएम्फ इफेक्टने दुरुस्त करा आणि निकाल २४ बिटांत साठवा. कुठलीही पातळी मोजण्याआधी हे झालं पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे आकडे चुकतील.

मग पातळी जुळवणं. अख्ख्या गाण्याची सरासरी जुळवू नका. दाबलेल्या आवृत्तीत हळू भाग वर आलेले असतात, त्यामुळे सरासरी सारखी केली तर एका जागी ही मोठी वाटते, दुसऱ्या जागी ती. त्याऐवजी गायकाचा आवाज स्थिर आहे असा ३० सेकंदांचा तुकडा निवडा, दोन्ही आवृत्त्यांतून एकाच शब्दापासून एकाच शब्दापर्यंत कापा. ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन लावून दोन्ही तुकडे −२३ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणा, २४ बिटांत साठवा. −२३ इतकं खाली असतं की दोन्ही तुकडे खालीच येतात, कुठलाच छताला आपटत नाही. कमी आवाजाची आवृत्ती वर खेचून मोठीच्या बरोबरीला आणणं ही नेहमीची चूक. त्यात कमी आवाजाच्या आवृत्तीचीच टोकं कापली जातात. नेहमीच्या ऐकण्यासाठी फूबार२००० या प्लेअरमध्ये रीप्लेगेन (पातळी आपोआप सारखी करणारी सोय) अल्बमवार लावून ठेवलं की रोजची तुलनाही बरीचशी न्याय्य होते.

फूबार२०००च्या एबीएक्स साधनात (नाव न सांगता वाजवलेली आवृत्ती ओळखायची चाचणी) १६ फेऱ्या घ्या. १२ किंवा जास्त बरोबर आल्या तर फरक खरोखर ऐकू येतोय असं धरा. निव्वळ अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे. पण एबीएक्सने फरक आहे एवढंच कळतं, चांगली कुठली ते नाही. जुनी आणि रीमास्टर यांतला फरक बहुधा पहिल्या फेरीतच कळतो. पसंतीसाठी दुसऱ्या कुणाला तरी फायलींना क्रमांक द्यायला सांगा आणि तीन-चार वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गाण्यांवर कौल लिहून ठेवा. एका बैठकीतल्या कौलावर भिस्त ठेवू नका.

आकड्यांपैकी डीआर मीटर सगळ्यांना आवडतो. गाण्याचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करून, सगळ्यात मोठ्या २० टक्के तुकड्यांची सरासरी टोकाच्या पातळीपासून किती खाली आहे ते तो सांगतो. ऐंशीच्या दशकातल्या रॉक सीड्या सहसा १२ ते १५ दाखवतात, चेपलेल्या रीमास्टर ७ ते ९. एकाच अल्बमच्या दोन सीड्यांत पाच अंकांचा फरक दिसला तर लिमिटरचा हात आहे हे नक्की. दीड-दोन अंकांच्या फरकावरून मात्र काही ठरवू नका, नुसत्या ईक्यूनेही तेवढं होतं. आणि एलपीवरून उतरवलेल्या फायलीचा डीआर सीडीच्या डीआरशी ताडून बघू नका. सुई आणि कटिंगच्या प्रक्रियेत टोकांचा आकार बदलतो, म्हणून त्याच मास्टरची एलपीही दोन-तीन अंक जास्त दाखवते.

मीटरपेक्षा वेव्हफॉर्म जवळून पाहणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. स्नेअरचा एक जोरदार ठोका शोधा आणि एकेक नमुना दिसेपर्यंत झूम करा. जुन्या सीडीवर टोक सुईसारखं वर जाऊन खाली येतं. चेपलेल्या आवृत्तीत त्याच जागी माथा सपाट दिसतो, पाच-दहा नमुने एकाच उंचीवर. ऑडॅसिटीची 'क्लिपिंग दाखवा' ही सोय लावून लाल रेघ आली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. काही इंजिनियर आधी माथे कापतात आणि मग सगळं ०.३ डीबीने खाली आणतात, त्यामुळे सपाट माथा छताखाली लपतो. अशा सीडीचे दोन नमुन्यांमधले चढ छताच्याही वर जातात आणि काही डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज बनवणारे भाग) तिथे तडतडतात. वाजवताना डिजिटल पातळी ३ डीबी कमी ठेवली तर ती तडतड थांबते. कापलेला माथा मात्र परत येत नाही. रशच्या २००२च्या 'व्हेपर ट्रेल्स'ला २०१३मध्ये रीमिक्सच करावं लागलं ते यामुळे.

आवाज कमी करणाऱ्या प्रक्रियेची तपासणी गाण्याच्या शेवटी होते. फेड-आउटचे शेवटचे दहा सेकंद हेडफोनवर, व्हॉल्यूम चढवून ऐका. पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत बटण खाली आणायला विसरू नका. चांगल्या हस्तांतरणात हिस एकसारखा विरत जातो. वाईट ठिकाणी तो आधी नाहीसा होतो आणि रिव्हर्बची शेपटी कापल्यासारखी तुटते, किंवा तिच्यात पाण्याखालचा बुडबुड आवाज येतो. हिस ऐकू येणं हा दोष नाही, टेपवरची ट्रेबल शाबूत असल्याची ती खूण आहे.

आता काही प्रत्यक्ष निकाल, माझ्या मताप्रमाणे.

डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स', १९८५. हा मुळातच डिजिटल मल्टीट्रॅकवर रेकॉर्ड झाला, आणि सीडीवर एलपीपेक्षा सात-एक मिनिटं जास्त संगीत आहे. झिजलेली ॲनालॉग टेप नाही, प्रतीची प्रत नाही. रीमास्टरने सुधारावं असं फारसं काही नाहीच. 'मनी फॉर नथिंग'च्या सुरुवातीचा भाग दोन्हींत ऐका: दुरून येणारा सिंथ, मग टेरी विल्यम्सच्या ड्रमची चढण, मग गिटारची रिफ. मूळ सीडीवर रिफ अंगावर येते, कारण आधीचं सगळं खरोखर लहान आहे. १९९६च्या रीमास्टरमध्ये सुरुवातच वर उचललेली आहे, म्हणून रिफला जायला तितकी उंची उरत नाही. जुनी ठेवा.

पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' एवढा सरळ नाही. १९९२च्या 'शाइन ऑन' संचासाठी डग सॅक्स आणि जेम्स गथ्री यांनी केलेलं मास्टरिंग, १९९३मध्ये स्वतंत्रपणे आलेलं, समतोल आहे आणि वापरलेल्या सीड्यांत सहज सापडतं. २००३च्या हायब्रिड चकतीत दोन थर आहेत, एक साध्या सीडीचा आणि एक खास प्लेअरवरच वाजणाऱ्या एसएसीडीचा, आणि सीडीचा थर एसएसीडीच्या स्टिरिओ थरापेक्षा जास्त दाबलेला आहे. साध्या प्लेअरसाठी ती घेऊ नका. २०११चं गथ्री यांचं काम स्वच्छ आहे. ताडून बघायला पहिलं मिनिट पुरेसं आहे: हृदयाचे ठोके नेमके कुठून ऐकू येऊ लागतात, आणि तिथून पहिल्या गाण्यापर्यंतची चढण किती लांब वाटते.

बीटल्स. १९८७च्या सीड्या कोरड्या आणि जरा सपाट आहेत, पहिले चार अल्बम फक्त मोनोत. 'हेल्प!' आणि 'रबर सोल' जॉर्ज मार्टिन यांनी तेव्हा नव्याने मिक्स केले, आणि २००९च्या स्टिरिओ सीड्यांवरही तीच मिक्स आहेत. १९६५ची मूळ स्टिरिओ मिक्स हवीत तर ती २००९च्या मोनो संचात, त्याच सीड्यांवर मिळतात. ॲबी रोड स्टुडिओत चार वर्षं चाललेल्या या कामात स्टिरिओ सीड्यांवर लिमिटिंग ३-४ डीबीपुरतंच ठेवलं, मोनोवर मुळीच नाही, आणि ५२५ मिनिटांपैकी पाच मिनिटांहून कमी भागावर हिस कमी करण्याची प्रक्रिया लावली. इथे रीमास्टर निःसंशय घ्यावी. १९८७च्या ठेवायच्या असतील तर आठवण म्हणून ठेवा.

रोलिंग स्टोन्समध्ये दोन टप्पे वेगळे धरा. १९७१च्या आधीच्या अल्बमांसाठी एबीकेसीओ कंपनीच्या २००२च्या, बॉब लुडविग यांनी मास्टर केलेल्या सीड्या १९८६च्या सीड्यांपेक्षा कितीतरी सरस आहेत. 'बेगर्स बँक्वेट'चा तर वेगच त्यात दुरुस्त झाला. मूळ एलपी किंचित मंद चालत होती. असा वेगाचा फरक तुम्हीही काढू शकता: पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंतचा वेळ दोन्ही आवृत्त्यांत मोजा. पाच मिनिटांच्या गाण्यात तीन सेकंदांचा फरक म्हणजे एक टक्का, म्हणजे अर्ध्या सुराचा साधारण सहावा हिस्सा. बरोबर गिटार वाजवणाऱ्याला तो लगेच खटकतो. 'स्टिकी फिंगर्स'पासून पुढे मात्र लुडविग यांच्याच १९९४च्या व्हर्जिन सीड्या घ्या. २००९च्या आवृत्त्या जास्त चेपलेल्या आहेत.

वापरलेली सीडी घेताना कव्हरवरच्या वर्षावर विसंबू नका. ℗ (रेकॉर्डिंगच्या हक्काची खूण) वर्ष मूळ रेकॉर्डिंगचं असतं, आणि ऐंशीच्या दशकात 'डिजिटली रीमास्टर्ड' हे शब्द नुसत्या डिजिटल हस्तांतरणालाही छापत. रीमास्टरवर सहसा दुसरं ℗ वर्ष आणि इंजिनियरचं नाव बारीक अक्षरांत असतं. सीडी उलटी करून आतल्या कड्यातलं कोरीव काम बघा: आयएफपीआयने सुरू होणारा कोड असेल तर ती चकती १९९४ किंवा नंतर छापलेली. मास्टरिंग जुनंच असू शकतं, पण कोड नसेल तर नव्वदीच्या उत्तरार्धातलं रीमास्टर ती बहुधा नाही. 'मेड इन वेस्ट जर्मनी' म्हणजे छपाई १९९०च्या आसपास किंवा त्याआधीची. जपानी क्रमांकातले ३५ आणि ३२ हे तेव्हाच्या किमती सांगतात, ३,५०० आणि ३,२०० येन.

१९८८ ते १९९३ या काळात इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात छापलेल्या सीड्या हातात आल्या तर कडेकडून आत सरकणारा तांबूस रंग आहे का ते उजेडात बघा. तिथल्या लाखेला कव्हरच्या कागदातलं गंधक सोसलं नाही आणि आतला थर काळवंडत गेला. रंग नुकताच धरला असेल तर सीडी त्याच दिवशी रिप करा. अल्बमची शेवटची गाणी बाहेरच्या कडेला असतात, त्यामुळे आधी तीच जातात. रिपची सुरुवातही त्यांच्यापासूनच करा.